घरचं आरोग्य : शिंक आली की पाय आवळता का?



या वेळचा विषय मी निवडलेला नाही, तुम्हीच निवडलाय. गेल्या अंकातला टाचदुखीचा लेख वाचून बऱ्याच जणींचे फोन आले. बोलणं टाचेवरून सुरू व्हायचं, मग गुडघ्यावर यायचं आणि फोन ठेवता ठेवता आवाज खाली यायचा. "सिस्टर, अजून एक विचारायचं होतं. हसलं, खोकलं की थोडी लघवी होते हो. यावर घरी काही करता येईल का? आणि नाव नका छापू हं." एका ताईंनी तर अहिराणीतच सांगून टाकलं, "डॉक्टरले सांगाले माले लाज वाटस."

नाव कोणाचंच छापत नाही. पण विषय मात्र उघडपणे मांडायचा आहे, कारण लपवल्यामुळेच तो वाढतो. मी तीस-बत्तीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली बरीचशी इथे सुरतेत. लघवी गळते म्हणून पहिल्याच वर्षी तपासायला आलेली बाई मला क्वचितच भेटली. पाच वर्षं, दहा वर्षं काढून मग येतात. तोवर लग्नाला जाणं बंद, भजनाला जाणं बंद, गावाकडे जाणं बंद. आपल्या सचिन, भेस्तान, उधना, पांडेसरा भागात कानबाईच्या मिरवणुकीत फुगडी न घालता ओट्यावर बसून राहणाऱ्या बायका बघा. सगळ्यांचेच काही गुडघे दुखत नसतात.

ही गप्प बसण्याची सवय जुनी आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ साली ते संशोधन 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास केवळ लघवीच्या गळतीचा नव्हता, पण आपण बायका अंगावर किती काढतो ते त्यातून समजतं. आज आपल्या हातात मोबाइल आलाय, जवळ दवाखाना आलाय, पण जीभ अजून तिथेच अडखळते.

गळती एकाच प्रकारची नसते

घरी उपाय करायचा तर आधी आपला प्रकार ओळखायला हवा.

पहिला प्रकार दाबाचा. खोकला, शिंक, हसू, पाण्याची बादली उचलणं, जिना उतरणं, फुगडी, असं पोटावर जोर आला की थोडीशी निघते. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि गुदद्वार यांना ते खालून आधार देतात. बाळंतपणं, वाढलेलं वजन, जुनाट खोकला, कायमची बद्धकोष्ठता आणि पाळी गेल्यानंतरचे बदल यांनी ही झोळी सैल पडते.

दुसरा प्रकार घाईचा. लागली की लागली, थांबताच येत नाही, कडी काढेपर्यंत साडी ओली. यात पिशवी पूर्ण भरायच्या आधीच आवळायला लागते. नळाचा आवाज आला, कुलुपात किल्ली घातली, हात थंड पाण्यात गेला, की घाई सुरू.

पुष्कळ जणींना हे दोन्ही थोडं थोडं असतं. तिसरा प्रकार वेगळा आणि त्यात घरगुती उपाय करत बसायचं नाही : पिशवी पूर्ण रिकामी होतच नाही, धार बारीक, आणि सतत थेंब थेंब. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे पुरुषांत, तर जुन्या मधुमेहात कोणालाही असं होऊ शकतं. तिथे थेट डॉक्टर.

आपण करतो तेच नेमकं उलटं

गळती सुरू झाली की बहुतेक जणी आपल्या मनाने तीन उपाय करतात आणि तिन्ही चुकतात.

एक, पाणी तोडणं. सकाळी नऊला कामावर जायचं म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी नाही. सचिन जीआयडीसीत, मिलमध्ये, लूमच्या कारखान्यात उकाडा किती असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. पाणी कमी झालं की लघवी पिवळी, दाट होते, पिशवीला झोंबते आणि घाई उलट वाढते. वर जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठता. साधारण दीड ते दोन लिटर पाणी दिवसभरात हवंच, उन्हाळ्यात आणि गरमीच्या कामात त्याहून जास्त. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल त्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितलेलं माप पाळावं. कमी करायचं ते झोपायच्या आधीच्या दोन तासांत.

दोन, "जाऊन येते, नंतर नको" म्हणून अर्ध्या अर्ध्या तासाला जाणं. घरातून निघताना, पोचल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर. पिशवीलाही सवय लागते. शंभर मिलिलिटर भरली तरी ती हाका मारू लागते. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर मावतं.

तीन, याच्या अगदी उलट, आठ आठ तास दाबून ठेवणं. कामाच्या जागी संडास नाही, आहे तर घाण आहे, किंवा पुरुषांच्या रांगेतून जावं लागतं. घरी बसून साड्यांवर स्टोन चिकटवणारी, धागे कापणारी बाईसुद्धा "एवढा गठ्ठा होऊ दे" म्हणत बसून राहते.

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायाचं नावच 'न वेगान्धारणीय' आहे. शरीराचे जे वेग अडवू नयेत त्यांत मूत्राचा वेग येतो. मग पुढे मी "थांबायला शिका" म्हणेन तेव्हा गोंधळू नका. भरलेली पिशवी तासन् तास अडवणं वाईटच. पण पाऊण तासाने येणारी खोटी हाक ओळखून तिला पंधरा मिनिटं थोपवणं म्हणजे वेग अडवणं नव्हे, ती सवय मोडणं आहे.

तीन दिवसांची वही

उपायाची सुरुवात वहीपासून करा. मुलांची जुनी वही चालेल. तीन दिवस लिहायचं : किती वाजता काय प्यायलं, किती वाजता लघवीला गेलो, किती वाजता गळली आणि तेव्हा काय करत होतो. जमलं तर एक दिवस जुन्या मापाच्या मगात लघवी मोजा. दिवसातून सहा ते आठ वेळा आणि रात्री एखाद वेळ, हे सर्वसाधारण धरतात.

ही वही बोलते. मला भेटलेल्या एका ताईंची गळती फक्त सकाळी दहा ते बारा या वेळात होती. बाकी दिवसभर काही नाही. वहीत दिसलं की सकाळपासून तीन कप कडक चहा आणि नाश्त्याबरोबर रक्तदाबाची 'पाण्याची गोळी'. गोळी त्यांनी आपल्या मनाने बंद केली नाही, डॉक्टरांना वही दाखवली. डॉक्टरांनी वेळ बदलून दिली. चहा तीनवरून एकावर आला. अर्धं दुखणं तिथेच संपलं.

झोळी घट्ट करणारा व्यायाम

आता मुख्य उपाय. याला एक पैसाही लागत नाही. अमेरिकेतले डॉ. आर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली हा व्यायाम वैद्यकात मांडला, म्हणून त्याला केगल व्यायाम म्हणतात. ज्यांनी योगाच्या वर्गात मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा केली आहे त्यांना हा ओळखीचा वाटेल.

स्नायू कसा ओळखायचा? चारचौघांत बसलेलो असताना गॅस अडवतो, आणि त्याच वेळी लघवीही अडवायची आहे, अशी कल्पना करा. जे आत आणि वर ओढलं जातं, तेच ते स्नायू. पोट, मांड्या, कुल्ले ढिले. श्वास चालू. पोटावर हात ठेवा. पोट फुगून खाली जोर लागत असेल तर चुकतंय. ओढायचं वर, ढकलायचं नाही. आणि लघवी करताना मध्येच धार तोडून व्यायाम करायची सवय लावू नका, त्याने पिशवी नीट रिकामी होत नाही.

हळू प्रकार : वर ओढा, पाच अंक मोजेपर्यंत धरा, मग पाच अंक पूर्ण ढिलं सोडा. असं आठ ते दहा वेळा. जमू लागलं की धरणं दहा अंकांपर्यंत न्या.

जलद प्रकार : पटकन ओढा, पटकन सोडा. दहा वेळा.

हे दोन्ही दिवसातून तीनदा. पहिल्या आठवड्यात झोपून, गुडघे वाकवून. मग बसून, मग उभ्याने. वेळ लक्षात राहत नाही म्हणाल, तर तो कामाला बांधा : सकाळी देवापुढे दिवा लावल्यावर, दुपारी डाळीचा कुकर चढवल्यावर, रात्री अंथरुणावर पडल्यावर. कोणाला कळतही नाही.

आणि एक युक्ती. शिंक येणार, खोकला येणार, बादली उचलणार, असं कळलं की आधी झोळी वर ओढायची, मग शिंकायचं. सुरुवातीला आठवण ठेवावी लागते, पुढे आपोआप होतं.

फरक दिसायला किमान तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडणाऱ्या खूप पाहिल्या. आत्ता श्रावण आहे. आज सुरू केलंत तर दिवाळीत फरक कळेल. भाऊबीजेला गावी जायचं ध्येय ठेवा. तीन महिन्यांनीही काहीच फरक नसेल, किंवा आपण बरोबर ओढतोय का हेच कळत नसेल, किंवा ओढताना दुखत असेल, तर फिजिओथेरपिस्टला भेटा.

घाईला थोपवायचं कसं

ज्यांना घाईचा त्रास आहे त्यांनी वही बघून आपलं अंतर काढा. समजा तासाने जाता. मग एक आठवडा सव्वा तासाने जायचं. पुढच्या आठवड्यात दीड तासाने. असं पंधरा पंधरा मिनिटांनी वाढवत तीन तासांपर्यंत यायचं.

मध्येच घाई आली तर धावायचं नाही. धावलं की हमखास गळते. जिथे आहात तिथे थांबा, शक्य तर बसा. पाच-सहा वेळा जलद आवळा-सोडा करा, श्वास हळू सोडा, मन दुसरीकडे न्या, उलटे आकडे मोजा किंवा उद्याची भाजी ठरवा. घाई लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते. ओसरली की मग शांतपणे चालत जा.

स्वयंपाकघरात काय बदलायचं

चहा-कॉफी हळूहळू कमी करा. एकदम सोडलं तर डोकं धरतं. बाटलीतल्या थंड पेयांचंही तेच. जास्त तिखटाने काहींना घाई वाढते, काहींना नाही. शेवभाजीच्या दिवशी वहीत काय दिसतं ते बघा आणि तुमचं तुम्हीच ठरवा.

बद्धकोष्ठता मोडणं फार महत्त्वाचं. रोज कुंथलं की झोळीवर रोज ताण. आपली कळण्याची भाकरी, पालेभाज्या, मूग-मठाची उसळ, पेरू यांत चोथा भरपूर असतो. सुरतेत आल्यापासून नाश्त्याला गाठिया-फाफडा शिरलाय, तो रोजचा नको.

वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी फायदा होतो. २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, स्थूल बायकांनी सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरवलं, तेव्हा त्यांची आठवड्याची गळती ४७ टक्क्यांनी कमी झाली. पंचाहत्तर किलोच्या बाईने सहा किलो उतरवणं, एवढंच ते.

तंबाखू, मशेरी, विडी सोडा. जुनाट खोकला असेल तर आधी त्याचा इलाज करा. नाहीतर इकडे झोळी घट्ट करायची आणि तिकडे रोज शंभरदा खोकून ती सैल करायची, असं होतं.

आता काढ्यांबद्दल. लघवीचा त्रास म्हटला की कोणीतरी गोखरूचा काढा किंवा धने-जिऱ्याचं पाणी सुचवतंच. पण आयुर्वेदातच गोखरू मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारा, म्हटला आहे. ज्याला लघवी साफ होत नाही त्याचं औषध गळती असलेल्याला देऊन कसं चालेल? तीळगूळ खाल्ल्याने नुकसान नाही, मधुमेह असेल तर गूळ टाळा. पण सैल स्नायू कोणत्याही लाडूने घट्ट होत नाही. जाहिरातीतलं 'सात दिवसांत गॅरंटी' चूर्ण तर घेऊच नका. वैद्यांकडे जायचं असेल तर खुशाल जा, पण तपासणी करणाऱ्या वैद्यांकडे.

घरातल्यांसाठी

घरात आजी-आजोबा असतील तर पुष्कळदा पिशवी ठीक असते, पोचायला वेळ लागतो. रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा ठेवा. वाटेतली पायपुसणी, चपला, बादल्या हलवा. संडासात धरायला दांडा बसवा. नाडीची गाठ सुटत नाही म्हणून गळते, तर नाडी काढून इलास्टिक घाला. बिछान्याजवळ भांडं किंवा कमोडची खुर्ची ठेवण्यात कमीपणा नाही. पाय सुजत असतील तर दुपारी तासभर पाय उंच करून पडू द्या, रात्रीच्या फेऱ्या कमी होऊ शकतात.

पॅड किंवा सुती घडी वापरत असाल तर ओली होताच बदला. साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, घासू नका. कापड कडक उन्हात वाळवा, संकोचाने साडीखाली लपवून दमट ठेवू नका.

आणि कोणी टोमणा मारू नका. "आत्ताच तर गेली होतीस" हे वाक्य ऐकू नये म्हणून म्हाताऱ्या बायका पाणी पीत नाहीत.

इथे घरगुती उपाय थांबवा

लघवीत रक्त, जळजळ किंवा ताप. लघवी अडणं किंवा सतत ठिबकणं. अचानक सुरू झालेली गळती आणि सोबत पायांत अशक्तपणा किंवा दोन्ही मांड्यांमध्ये बधिरपणा, यात तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अंग बाहेर आल्यासारखं वाटणं. बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर रात्रंदिवस पाझरणं. सारखी तहान आणि सारखी लघवी, म्हणजे रक्तातली साखर तपासायची. पुरुषांमध्ये बारीक धार किंवा रात्री चार-चार वेळा उठणं.

न्यू सिव्हिल आणि स्मीमेर या दोन्ही रुग्णालयांत स्त्रीरोग विभाग आहे. तिथे "पोटात दुखतं" असं मोघम सांगू नका. "खोकल्यावर लघवी गळते" हे एक वाक्य घरी चारदा म्हणून बघा आणि तेच सांगा. डॉक्टरला त्यात नवल वाटत नाही.

एक सावधगिरी. "पिशवी काढली की सगळा त्रास जातो" असं सांगणारे आपल्याकडे अजून आहेत. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या एवढ्या काढल्या गेल्या की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गर्भाची पिशवी वेगळी, लघवीची वेगळी. पहिली काढल्याने दुसरीची गळती थांबत नाही.

आणि मंडळासाठी एक विनंती

या दुखण्याचा काही भाग घराबाहेर आहे. कारखान्यात स्त्रियांसाठी वेगळं स्वच्छतागृह असायला हवं हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १९ व्या कलमातच सांगितलं होतं. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावाची चळवळ चालली, कारण सार्वजनिक मुताऱ्या पुरुषांना मोफत आणि बायकांकडून मात्र पैसे घेतले जायचे. बायका बोलल्या म्हणून तो प्रश्न पालिकेपर्यंत गेला.

आपण सुरुवात घरापासून करू. यापुढे मंडळाचा कार्यक्रम ठरवताना मंडप, माइक, जेवण यांच्या यादीत चौथी ओळ घाला : बायकांसाठी स्वच्छ संडास, आत कडी, पाणी आणि दिवा. कार्यक्रमपत्रिकेत तो कुठे आहे हेही छापा. गणपतीच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. तुमच्यातल्या चार जणींनी मान डोलावली तरी पुरे.

वही आजच काढा. शंका असतील तर संपादकांमार्फत कळवा, नाव नेहमीप्रमाणे गुप्त राहील. पुढच्या अंकात रात्री झोप न लागण्याबद्दल बोलू.

तुमची,
सिस्टर